वहिनींची पेटी, पुतण्याचा लॅपटॉप आणि दहा हजारांचं बजेट

डोंबिवलीला आमच्या वहिनी घरीच सुगम संगीताचा क्लास घेतात. गेल्या पावसाळ्यात त्यांचा फोन आला. ‘भाऊजी, मुलांना तेच ते तयार कराओके ट्रॅक लावून मी कंटाळले. सगळे एकाच पट्टीत. माझ्या वर्गात काळी एकपासून काळी पाचपर्यंत गळे आहेत. आपणच घरी ट्रॅक केले तर? दहा हजार बाजूला काढलेत. पियानो, ऑर्गन वगैरे लॅपटॉपवर मिळतं म्हणे.’

मिळतं, आणि नको इतकं मिळतं. अडचण तिथूनच सुरू होते. मी अधूनमधून घरी रेकॉर्डिंग करतो, त्यामुळे घरात ‘त्याला कळतं’ अशी माझी ख्याती आहे. या प्रकरणात त्या ख्यातीला तीनदा तडा गेला. तो कुठे गेला हे सांगितल्याशिवाय शेवटी काय निवडलं याला अर्थ नाही.

घरात आधीपासून होतं ते असं. पुतण्याचा जुना लॅपटॉप: आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी आणि त्यात जेमतेम ६० जीबी जागा रिकामी. यूएसबी असलेला ६१ कीजचा कीबोर्ड, ज्याच्या कीज हलक्या, स्प्रिंगच्या. दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइक नि हेडफोन लॅपटॉपला जोडणारी डबी) आणि एक कंडेन्सर माइक, दोन्ही लॉकडाउनमधल्या हौसेचे अवशेष. शिवाय वहिनींची स्केल चेंजर, म्हणजे बोटं तीच ठेवून पट्टी बदलता येणारी, पेटी. यादीत पेटी मी तेव्हा धरलीच नव्हती, कारण ती ‘सॉफ्टवेअर’ नव्हती.

करायची होती सात गाणी. चार भावगीतं, दोन बालगीतं, एक नाट्यपद.

रेकॉर्डिंगसाठी मी रीपर हे सॉफ्टवेअर निवडलं. ६० दिवस पूर्ण चालतं, आणि वैयक्तिक वापराचा परवाना ६० डॉलरचा. म्हणजे दहातले पाच हजार नि वर थोडे तिथेच संपणार. उरलेल्या पैशात वाद्यं बसवायची, म्हणजे बहुतेक वाद्यं फुकटातलीच शोधायची हे पहिल्याच दिवशी ठरून गेलं.

पहिला तडा: जीबीचा मोह

ग्रँड पियानोची एक ९ जीबीची लायब्ररी, म्हणजे खऱ्या पियानोच्या एकेका स्वराच्या रेकॉर्ड केलेल्या नमुन्यांचा संच, मला फुकट सापडली. तीन माइकच्या जागा, पेडलचे आवाज, झाकण उघडं-बंद, सगळं. रात्रभर डाउनलोड लावून झोपलो. सकाळी एका नामांकित सॅम्पलरच्या (असे नमुने वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) फुकट आवृत्तीत ती उघडली आणि वहिनींना बसवलं. आवाज खरंच सुरेख होता. त्या मुखडा वाजवत अंतऱ्यापर्यंत आल्या आणि पियानो एकदम मुका झाला. केबल तपासली, लॅपटॉप बंद करून चालू केला. पुन्हा वाजायला लागला आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा गप्प. लायब्ररीच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की हिला सॅम्पलरची पूर्ण, विकतची आवृत्ती लागते. फुकट आवृत्तीत ती डेमो म्हणून पंधरा मिनिटंच चालते. ते मी वाचलं नव्हतं. चूक शंभर टक्के माझी.

त्या लायब्ररीने लॅपटॉपची दमछाकही केली होती. पियानोच्या लायब्ररी एवढ्या अवाढव्य का होतात, याचा हिशोब एकदा मांडून बघण्यासारखा आहे. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ असं रेकॉर्डिंग सेकंदाला २,८८,००० बाइट खातं. ८८ कीज, प्रत्येक की दहा वेगवेगळ्या जोरांनी दाबलेली आणि प्रत्येक स्वर दहा सेकंद रेंगाळू दिलेला धरला, तर ८,८०० सेकंद होतात. म्हणजे अडीच जीबी. हेच तीन ठिकाणच्या माइकांनी टिपलं की साडेसात जीबीच्या पुढे. यातला प्रत्येक जादा माइक ऐकणाऱ्याला जाणवेलच असं नाही. तबला, तानपुरा आणि गळा यांच्या मागे वाजणाऱ्या पियानोत तर मुळीच नाही. पण ८ जीबी रॅममधली जवळपास निम्मी विंडोजनेच धरून ठेवलेली असते, आणि उरलेल्या जागेत ही लायब्ररी कोंबली की गाण्यात करकर सुरू होते.

लायब्ररी उडवली. साठ जीबीतले नऊ परत मिळाले, एवढाच फायदा.

दुसरा तडा: ‘हा पियानो मागून वाजतो’

दोन दिवसांनी वहिनींचा निरोप आला: ‘भाऊजी, पियानो मी दाबल्यावर थांबून वाजतो. ठेक्यात बसतच नाही.’ मी फोनवरूनच बफर, म्हणजे लॅपटॉप आवाज बाहेर सोडण्याआधी साठवतो तो तुकडा, कमी करायला सांगितला. २५६ करून झाला, १२८ करून झाला, तरी तक्रार तीच. शेवटी डोंबिवली गाठली. वहिनी कानात ब्लूटूथचे इअरफोन घालून वाजवत होत्या! इंटरफेस टेबलावर नुसता दिव्यापुरता लागलेला.

ब्लूटूथमध्ये दीडशे-दोनशे मिलिसेकंदांचा उशीर सहज होतो. सेकंदाला ४४,१०० सॅम्पलच्या रेकॉर्डिंगमध्ये २५६ सॅम्पलचा बफर म्हणजे फक्त ५.८ मिलिसेकंद. इतर बारीकसारीक भर धरून दहा होऊ दे. आवाज हवेतून मिलिसेकंदाला साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे दहा मिलिसेकंद हा साडेतीन मीटरवर बसलेल्या तबलजीचा उशीर झाला. तेवढ्यात कोणाचाही ठेका चुकत नाही. वायरचा हेडफोन इंटरफेसला लावला, बफर २५६ वरच ठेवला, तक्रार संपली. व्हर्च्युअल पियानो बदलायच्या आधी कानातली वस्तू बघायची असते, हे मला वीस मिनिटं सगळी सेटिंग उलटीपालटी केल्यावर सुचलं.

पेटीचा हात

आता खरा प्रश्न पुढे आला, आणि तो कुठल्याही ‘सर्वोत्तम दहा पियानो’ छाप यादीत मला कधी भेटला नव्हता.

वहिनींनी वाजवलेलं मी रीपरच्या मिडी एडिटरमध्ये उघडून पाहिलं. मिडी म्हणजे आवाज नव्हे, कोणती की कधी दाबली याची नोंद. प्रत्येक स्वरासोबत तो किती जोरात दाबला याचा १ ते १२७ मधला एक आकडा असतो, व्हेलॉसिटी. एका साध्या, हळुवार ओळीतले लागोपाठचे आकडे असे होते: ३८, ११२, ५१, ९७, १०४, ४४. ऐकताना एक स्वर कुजबुजत होता नि पुढचा अंगावर येत होता. वाजवणारी बाई सुरात आणि लयीत चोख.

कारण सरळ आहे. पेटीची पट्टी तुम्ही हळू दाबा नाहीतर आपटा, आवाज तेवढाच. पेटीचा लहान-मोठा आवाज डाव्या हातात, भात्यात असतो. तीस वर्षं पेटी वाजवलेल्या उजव्या हाताला जोर हा विषयच नसतो. त्याचं शिक्षण स्वराच्या लांबीचं, एका स्वरातून दुसऱ्यात सांधा न दिसता जायचं. तो हात पियानोवर ठेवला की बोटांचे सगळे योगायोग ऐकू येतात. त्यात कीबोर्डच्या हलक्या कीज.

म्हणजे वहिनींसाठी ‘जास्त थरांचा, जास्त खरा’ पियानो हा जास्त वाईट पियानो होता. थर म्हणजे त्याच कीचं वेगळ्या जोराने दाबून केलेलं एकेक रेकॉर्डिंग. सोळा थरांच्या वाद्यात १२७ चे सोळा भाग केले तर एकेक थर सरासरी आठ आकड्यांचा. ३८ वरून ११२ वर उडी म्हणजे एकदम नऊ थर ओलांडले. प्रत्येक थराचा नुसता आवाजच वेगळा नसतो, नादही वेगळा असतो. जोरातला थर टणत्कारी, हळूचा लोकरीसारखा.

दोन उपाय केले. रीपरमध्ये व्हेलॉसिटीला लगाम घालणारं छोटं प्लगइन (जोड-प्रोग्रॅम) येतं, त्याने सगळे आकडे ५५ ते ९० च्या आत दाबून बसवले. आणि एक सस्टेन पेडल आणलं, पायाने दाबलं की स्वर रेंगाळत ठेवणारं, अकराशे रुपयांचं. पेटीवाल्याला पायाची सवय नसते म्हणून पहिले दोन दिवस सगळं चिखलासारखं एकमेकांत मिसळलं. मग वहिनींना मी एवढंच सांगितलं की कॉर्ड बदलला की पाय उचला, भाता पालटता तसा. ते त्यांना पटकन साधलं. या साऱ्या प्रकरणात सर्वात कामाला आलेली खरेदी हे पेडल, आणि त्याला ‘वाद्य’ कोणी म्हणत नाही.

तीन पियानो, एक गळा

मग पियानो निवडायला बसलो. रविवारची दुपार, पंखा बंद, खिडकीखालून फेरीवाला गेला की थांबायचं. तीन पर्याय होते. स्पिटफायरच्या लॅब्स या फुकट संग्रहातला सॉफ्ट पियानो. सॅलामँडर ग्रँड पियानो, हाही फुकट: यामाहा सी-५ वर टिपलेला, सोळा थरांचा, खालच्या ‘ए’पासून दर तीन अर्धस्वरांवर एक नमुना घेतलेला. तो प्लोग कंपनीच्या स्फोर्झांडो नावाच्या फुकट प्लेअरमध्ये चालतो. आणि तिसरा, कीबोर्डच्या पोटातला स्वतःचा पियानो, ऑडिओ केबलने थेट ओढलेला. डोळे मिटून ऐकायचं, नाव शेवटी.

नुसता पियानो ऐकवला तेव्हा सगळ्यांनी सॉफ्ट पियानोला हात वर केला. वहिनी, दादा, खालच्या मजल्यावरून ‘काय चाललंय’ बघायला आलेल्या काकू, सगळ्यांनी. काकू म्हणाल्या, ‘हा कसा देवळात वाजल्यासारखा.’ मग तोच वहिनींच्या आवाजाखाली, तबला-तानपुऱ्यासोबत लावला. तो गायबच झाला. मऊ पियानोचा जीव जिथे असतो, त्या साधारण २०० ते ४०० हर्ट्झच्या पट्ट्यात डग्ग्याची गुंज आणि तानपुऱ्याचा नाद आधीच बसलेले. आवाज वाढवला तर गाणं फुगलं, पण पियानोचे शब्द काही कळेनात.

सॅलामँडर एकटा ऐकताना कोरडा, थोडा कडक वाटला होता. त्याचे दोन माइक तारांपासून जेमतेम १२ सेंटिमीटरवर धरलेले आहेत, त्यामुळे तो तोंडाजवळ बोलल्यासारखा येतो. पण १५० हर्ट्झच्या खालचं थोडं कापलं, वर नखभर रिव्हर्ब (घुमारा) दिला, आणि तो गळ्याच्या मागे पण नीट दिसेल असा उभा राहिला. दोन भावगीतं त्याच्यावर झाली. सॉफ्ट पियानो फेकला नाही. एका गाण्याची सुरुवात नुसता आलाप आणि पियानो अशी आहे, ती चार ओळी त्याच्यावर आहे.

कीबोर्डच्या पोटातला पियानो तिन्हींत पातळ ठरला. पण त्याच कीबोर्डचा व्हायोलिनसमूहाचा एक आवाज आम्ही दोन गाण्यांत ठेवला, कारण वहिनींना त्याची सवय होती आणि त्या त्याच्यावर चांगलं वाजवत होत्या.

यात पियानोटेकचाही मोह झाला होता, तो माझा. फ्रान्सच्या मोडार्ट कंपनीचं हे सॉफ्टवेअर नमुने वाजवतच नाही. तार, हातोडी, लाकूड यांचं गणित करून आवाज तिथल्या तिथे घडवतं. त्यामुळे ते जीबीत नाही, काही दहा एमबीत मावतं, आणि जोराच्या आकड्यांमध्ये थरांच्या पायऱ्या नसतात. कमी रॅमच्या लॅपटॉपसाठी याहून शहाणा पर्याय मला माहीत नाही. चाचणी आवृत्ती उतरवून वाजवून पाहिली (काही कीज मुक्या असतात नि वीस मिनिटांनी थांबते, हे यावेळी आधी वाचलं होतं). पण त्याच्या सर्वात स्वस्त आवृत्तीलाही उरलेले पैसे पुरणार नव्हते. नंतर कधीतरी.

बालगीतांवर फार वेळ गेला नाही. १९८३ च्या यामाहा डीएक्स-७ ची हुबेहूब नक्कल करणारं डेक्स्ड हे फुकट प्लगइन टाकलं. घंटी, मरिंबा, आणि तिसऱ्या भावगीताला हवा असलेला काचेरी इलेक्ट्रिक पियानो, सगळं त्यातून निघालं. यात नमुनेच नसल्यामुळे रॅम जवळपास शून्य. ऐंशी-नव्वदच्या दशकातली गाणी ऐकलेल्या कानाला तो आवाज आपला वाटतो.

तिसरा तडा: ऑर्गन म्हणजे कोणता?

नाट्यपदासाठी वहिनींच्या वहीत लिहिलेलं होतं: ‘साथ – ऑर्गन, तबला.’ मी उत्साहाने एक फुकट टोनव्हील ऑर्गन शोधून आणला. नऊ ड्रॉबार, गोल फिरणारा लेस्ली स्पीकर, सगळा थाट. १९३५ मध्ये बाजारात आलेल्या हॅमंड ऑर्गनची ही नक्कल. आत फिरणाऱ्या ९१ दातेरी चाकांमधून वीज थरथरवून आवाज काढायचा, अशी मूळ करामत. वहिनींनी पदाची पहिली ओळ वाजवली आणि दादा हसत सुटला. ‘अरे, बालगंधर्व एकदम चर्चमधून क्लबात गेले की!’

संगीत नाटकाचा ऑर्गन म्हणजे पायपेटी. दोन पायांनी भाते मारायचे, आत धातूच्या पत्त्या, म्हणजे आपल्या पेटीचीच मोठी बहीण. फरक एवढा की पेटीत भात्याची हवा पत्त्यांवर ढकलली जाते, आणि अमेरिकन घडणीच्या या ऑर्गनमध्ये ती आत ओढली जाते. म्हणून तिचा आवाज गोल, कमी टोचरा. खालचे स्वर उमटायला क्षणभर वेळ घेतात, आणि त्या क्षणभरातच नाट्यपदाच्या साथीचा डौल असतो. हॅमंडचा स्वर मात्र ‘टक्’ करून लगेच हजर. इंग्रजीत दोघांनाही ऑर्गन म्हणतात, आणि वाद्यांच्या यादीत शोधताना मी तोच एक शब्द टाकला होता.

‘पंप ऑर्गन’ आणि ‘रीड ऑर्गन’ असं शोधल्यावर पियानोबुकवर, जिथे लोक आपापल्या घरातली वाद्यं टिपून फुकट वाटतात, एक म्हातारी पायपेटी मिळाली. एकच थर, त्यामुळे व्हेलॉसिटीचा प्रश्न आपोआप मिटला. पट्ट्यांची खटखट आणि हवेचा फुस्कारा आवाजातच आलेला. लांब धरलेल्या स्वरात चार-पाच सेकंदांनी तोच फुस्कारा परत येतो, आणि एकदा कानाला लागला की लागतोच. म्हणून लांब स्वर वहिनींनी मध्येच तोडून पुन्हा घेतले. भात्याचा चढ-उतार मी माउसने एक्स्प्रेशनची, म्हणजे आवाज लहान-मोठा करणारी, रेघ काढून दिला. पूर्ण समाधान नाही झालं. खरी पायपेटी ऐकलेल्या माणसाला दोन ओळींत कळेल.

आणि पेटी

पेटीसाठी मी तीन व्हर्च्युअल हार्मोनियम ऐकवल्या. वहिनींनी तिसरी अर्धीच ऐकून हेडफोन काढला. ‘भाऊजी, घरात पेटी असताना पेटी कशाला शोधताय?’ माइक पेटीपासून हातभर वर, भात्याच्या बाजूने थोडा बाजूला. सातही गाण्यांतली पेटी खरी घ्यायची ठरली.

त्यातून दोन गोष्टी उद्भवल्या. पहिली पट्टीची. व्हर्च्युअल वाद्यं मिडीत असल्यामुळे काळी चारचा ट्रॅक काळी एकमध्ये न्यायला एक आकडा बदलला की पुरे. मात्र सात अर्धस्वर खाली नेला की डाव्या हाताचे कॉर्ड गुरगुरायला लागतात, आणि ते एक सप्तक वर उचलावे लागतात. माइकवर टिपलेली पेटी मात्र अशी खाली-वर ओढली की शेंबडी वाटते. म्हणून पेटी प्रत्येक पट्टीसाठी वेगळी वाजवली. स्केल चेंजर असल्याने वहिनींना बोटं तीच.

दुसरी सुराची. पियानोसोबत पेटी लावली तर दोघांत सतत एक लाट येत होती. ट्यूनर लावला. पेटी ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुरावर नव्हती, ४४३ च्या आसपास होती, म्हणजे जवळपास बारा सेंट (अर्धस्वराचे शंभरावे भाग) चढी. पेटी तर हलवता येत नाही, मग बाकी सगळ्यांना तिच्याकडे नेलं. स्फोर्झांडोत आणि डेक्स्डमध्ये एकूण ट्यूनिंग बदलायची सोय आहे. इथून पुढे कोणी मला फुकट वाद्य सुचवलं की मी आधी तीच सोय आहे का बघतो. आवाज त्यानंतर.

एक्केचाळिसाव्या दिवशी रीपरचा परवाना घेतला तेव्हा चार गाणी झाली होती. हिशोब असा: रीपर ५,२००, पेडल १,१००, यूएसबी केबल २५०. वाद्यांवर शून्य. दहा हजारांतले ३,४५० उरले. मी म्हटलं, जमवत राहा, पियानोटेक घेऊ. वहिनी ‘बघू’ म्हणाल्या.

पुढच्या शनिवारी पाचव्या गाण्याला बसलो. पियानो, घंटी सगळं नेहमीसारखं ४४३ वर लावून ठेवलं होतं. वहिनींनी पेटीचा षड्ज धरला आणि ती लाट परत आली, यावेळी उलटी. मी ट्यूनर काढेपर्यंत त्या लाजत म्हणाल्या, ‘सांगायचं राहिलं. उरलेल्या पैशांतून तीन हजार देऊन पेटी कारागिराकडे दिली होती. त्याने सगळ्या पत्त्या मुळाशी खरवडून सूर खाली आणला. आता बरोबर ४४० आहे.’

पहिली चार गाणी ४४३ वर आहेत, पुढची तीन ४४० वर. मुलांच्या अजून लक्षात आलेलं नाही.